मायना

बेदरला पत्र लिहायचं तर
मायना सतरा ओळींचा.
समुद्रवलयांकित, दिगंतविजयी,
ज्याच्या छत्राखाली सूर्यही घाम पुसायला थांबतो,
आणि तळाशी, शाई संपता संपता, मजकूर:
हुक्केरी ठाण्याचा वसूल इतका, पाऊस बेताचा,
घोड्यांच्या चंदीचं काय ते कळवावं.

मी तिम्माजी, ठाण्याचा कारकून.
बाप कानडीत हिशेब करी, मी मोडीत लिहितो,
कचेरीत फारशी घशातून काढतो.
तिन्ही भाषांत मला एकच क्रियापद नीट येतं:
वाकणं.

पहिल्या वर्षी फिरासतखान म्हणाले,
"समुद्र काढ. त्यानं कधी बघितलाय?"
मी समुद्र काढला.
पुढल्या वर्षी दिगंत गेला.
मग सूर्य. तिथं बोरू जरा अडखळला,
बाकी कुणाला काही कळलं नाही.

निंगप्पा जासूद बेदरहून आला
तो थैली लाखेसकट परत घेऊन.
"घ्यायलाच कोण न्हाई, रावजी.
तख्तावर एक पोर हाय, लावे झुंजवतंय.
किल्ल्या समद्या एका तुर्काच्या कमरंला.
त्यो म्हणतो, ठेव तिथं.
तिथं आधीच गुडघाभर थैल्या,
येक जुन्नरची, येक वऱ्हाडची, कोण फोडतंय?
मी आपली माघारी आणली. लाख तरी वाचंल."

तुम्ही विचाराल, बंड कधी झालं.
मला सापडत नाही. दप्तर तीनदा चाळलं.
खजिन्याची खेचरं निघाली, हे लिहिलंय.
गोकाकपाशी घटप्रभेला पूर, म्हणून थांबली, हेही.
पूर ओसरला. खेचरं परत आली.
वळवली कुणी, तो कागद नाही.
वैरणीचा खर्च मात्र जाऊन-येऊन लागलाय.

खतीब कमरुद्दीन शुक्रवारी नावापाशी आले
आणि पाणी प्यायले.
पुढल्या शुक्रवारी खोकला.
तिसऱ्या शुक्रवारी खानांचं नाव,
इतकं हळू, की पहिल्या रांगेनं
एकमेकांकडे पाहिलं.

मल्लप्पा पत्तारानं नवा शिक्का आणला, अक्षरं उलटी.
मी तो माझ्याच तळहातावर उमटवून पाहिला.
दोन दिवस जेवताना दिसत होता.

नगारखान्यातला इराप्पा रात्री दाराशी.
"ठाणेदाराची नौबत तीनदा, सुलतानाची पाचदा.
आता मी किती वाजवू?"
खानांना विचारायची छाती दोघांचीही नव्हती.
"चार वाजव," म्हटलं.
महिनाभर हुक्केरीत चार वाजत होत्या.
गुरं, बायका, पाखरं, सगळी चारावर बसली.
मग एका पहाटे आतून निरोप आला:
एक राहतेय.

बेदरला शेवटचं पत्र गेलं, त्याची नक्कल आहे.
मायना एक ओळ. मजकूर एक ओळ:
इकडील क्षेम. तिकडील कळत नाही.

सुगी झाल्यावर अंकलगीच्या देसायाचं पत्र आलं,
सोबत गुळाच्या ढेपा.
खान नव्या लोडाला टेकले. "वाच."
या देसायाचा मायना मला पाठ, अकरा ओळी;
त्याचा कारकून माझ्याच हाताखाली शिकला.
वाचत गेलो.
नवव्या ओळीखालीच मजकूर लागला.

ढेपाही मोजून घ्यायला हव्यात, मनात आलं.
पण थांबलो नाही.
कागदावर नव्हत्या त्या दोन ओळी
त्याच चालीत, त्याच दमात वाचल्या.
समुद्र घातला. सूर्य घातला.
खानांनी डोळे मिटून मान हलवली.

बाहेर इराप्पा पाचवी वाजवत होता,
अजून जरा चाचरत.